कसोटी आणि सिद्धता : ग्रीक गणितज्ञांनी आपल्याला काय दिलं?

(विटा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची शैली शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय प्राचीन ग्रीक गणितज्ञ. इकडे येताना एका मित्राने आम्हाला विचारलं, "सर, युक्लिड आणि विट्याचा काय संबंध?" आम्ही म्हटलं, संबंध आहे, आणि तो सोन्याचा आहे. तिथूनच सुरुवात करू.

विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तुमच्यापैकी अनेकांच्या घरातलं कुणी ना कुणी आज केरळात, तमिळनाडूत, दिल्लीत, नाहीतर कोलकात्यात गलाईच्या दुकानात बसलेलं असेल. त्या गलाईवाल्यापुढे रोज एकच प्रश्न असतो. समोर आलेल्या दागिन्यात सोनं किती आणि भेसळ किती? तो दागिना कसोटीच्या दगडावर घासतो, तेजाब लावतो, उमटलेली रेघ बघतो. शेवटी मुशीत घालून गाळतो. गाळल्यावर खरं-खोटं होतंच.

पण समजा, दागिना मोडायचाच नाही अशी अट असेल तर?

हाच प्रश्न साधारण सव्वाबावीसशे वर्षांपूर्वी सिसिली बेटावरच्या सिरॅक्यूजचा राजा हिएरो याच्यापुढे आला. त्याने देवाला वाहण्यासाठी सोन्याचा मुकुट घडवून घेतला. वजन बरोबर भरलं. पण सोनाराने थोडं सोनं काढून तेवढ्या वजनाची चांदी घातली, असा संशय आला. मुकुट देवाचा, तो मोडता येत नाही. राजाने हे काम आर्किमिडीजवर सोपवलं. पुढची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली आहे. हौदात उतरताना पाणी बाहेर सांडलं, त्याला उत्तर सुचलं आणि तो "युरेका, युरेका" म्हणजे "सापडलं, सापडलं" असं ओरडत तसाच रस्त्यावर धावत सुटला.

गोष्ट छान आहे. पण आपण विट्यात बसलोय, तेव्हा सोन्याचा हिशेब केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मुकुटाचा हिशेब

मुकुट एक किलोचा धरू. शुद्ध सोन्याच्या एका घन सेंटीमीटरचं वजन १९.३ ग्रॅम, चांदीच्या तेवढ्याच तुकड्याचं १०.५ ग्रॅम. म्हणजे एक किलो शुद्ध सोनं सुमारे ५२ घन सेंटीमीटर जागा घेईल. सोनाराने ३०० ग्रॅम चांदी मिसळली असेल, तर मुकुट सुमारे ६५ घन सेंटीमीटर जागा घेईल. फरक १३ घन सेंटीमीटरचा. आता हा मुकुट ज्यात बुडेल असं २० सेंटीमीटर रुंदीचं पातेलं घ्या. दोन्ही वेळच्या पाण्याच्या पातळीत फरक पडेल तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. पाणी कडेला थोडं चढतं, थेंब चिकटून राहतात. एवढ्याशा फरकावर सोनाराला चोर ठरवणं कठीण आहे.

ही हौदाची गोष्ट आपल्याला मिळते ती व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराच्या ग्रंथात, आणि तो आर्किमिडीजनंतर जवळपास दोनशे वर्षांनी झाला. गॅलिलिओलाही ही पद्धत पटली नव्हती. १५८६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने एक टिपण लिहून सुचवलं की आर्किमिडीजने तराजू वापरला असणार. एका बाजूला मुकुट टांगा, दुसऱ्या बाजूला तेवढंच शुद्ध सोनं. हवेत काटा मधोमध राहील. आता दोन्ही पाण्यात बुडवा. जी वस्तू जास्त जागा घेते तिला पाणी जास्त उचलून धरतं. आपल्या हिशेबात मुकुटाची बाजू १३ ग्रॅमनी हलकी पडेल. १३ ग्रॅम म्हणजे तोळ्यापेक्षा जास्त. एवढा फरक सोनाराच्या काट्याला कळणार नाही का?

आर्किमिडीजने नेमकं काय केलं याची आज साक्ष काढता येत नाही. पण त्याने लिहून ठेवलेलं पुस्तक मात्र आहे. तरंगणाऱ्या वस्तूंवरचा त्याचा ग्रंथ उघडा. त्यात राजा, मुकुट, हौद यातलं काही नाही. सुरुवातीला द्रवाच्या स्वभावाबद्दल एक विधान आहे. ते आर्किमिडीज मान्य करून घेतो. मग त्या विधानातून पायरी-पायरीने सिद्ध करतो की द्रवापेक्षा जड असलेली वस्तू द्रवात बुडवली तर तिने बाजूला सारलेल्या द्रवाचं जेवढं वजन, तेवढी ती हलकी भरते. सोनं असो, चांदी असो, दगड असो, एरंडेल तेलात बुडवा की पाण्यात, हे असंच होणार. का होणार, तेही तिथंच लिहिलेलं.

कसोटीचा दगड आणि ही सिद्धता यांतला फरक लक्षात घ्या. कसोटीवरची रेघ वाचायला पारखी नजर लागते. ती नजर वीस-पंचवीस वर्षांनी येते, आणि ती नसणाऱ्याला पारख्यावर विश्वास ठेवावा लागतो. सिद्धतेत तसं नाही. तिथे "कोण म्हणतो" याला किंमत नाही. पायऱ्या समोर मांडलेल्या आहेत, ज्याला हवं त्याने एकेक पायरी तपासावी. आपल्या मराठीत या मागणीसाठी एक नेमका शब्द आहे, "कशावरून?" हा प्रश्न ग्रीकांनी गणिताला इतक्या चिवटपणे विचारला की त्यातून गणिताचा चेहराच बदलला. आज आपल्याला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

एका कर्णाची गोष्ट

आता कुणी म्हणेल, गणित काय फक्त ग्रीकांनी केलं? आपल्याकडे नव्हतं? होतं, आणि उत्तम होतं. म्हणूनच एकच उदाहरण घेऊन तीन संस्कृतींमध्ये फिरून येऊ. उदाहरण अगदी साधं. एक चौरस काढा आणि त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी रेघ मारा. हा कर्ण. चौरसाची बाजू एक असेल तर कर्ण किती?

पहिली जागा बॅबिलोन, आजचा इराक. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची मातीची एक छोटी वीट अमेरिकेत येल विद्यापीठात आहे. तिच्यावर चौरस, त्याचे कर्ण आणि कर्णाचं माप कोरलेलं आहे. हे माप दशांश चिन्हापुढे पाच घरांपर्यंत बरोबर आहे.

दुसरी जागा आपली. यज्ञवेदी बांधण्यासाठी शुल्बसूत्रं रचली गेली. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलं आहे की चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट क्षेत्रफळ करते. आयताच्या कर्णाचा नियमही तिथे आहे. हाच नियम आपण शाळेत पायथागोरसच्या नावाने शिकतो. कर्णाचं मापही बौधायन देतो. एक, त्यात एक तृतीयांश मिळवा, त्या तृतीयांशाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. हिशेब केला की ५७७ भागिले ४०८ येतात. हेही पाच घरांपर्यंत बरोबर! वेदी बांधणाऱ्याला याहून अचूक माप कशाला हवं?

तिसरी जागा ग्रीस. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला बोलावतो. मुलगा कधी भूमिती शिकलेला नाही. सॉक्रेटिस त्याच्यापुढे दोन फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ चार. विचारतो, याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाचा चौरस हवा, बाजू किती घ्यावी? मुलगा लगेच म्हणतो, बाजू दुप्पट करा, चार फूट. काढून बघतात तर क्षेत्रफळ सोळा, म्हणजे चौपट झालं. मग मुलगा म्हणतो, तीन फूट. क्षेत्रफळ नऊ. तेही चुकलं. आता मुलगा म्हणतो, मला माहीत नाही. सॉक्रेटिस म्हणतो, बघा, हा आता पुढे गेला. आधी याला वाटत होतं की आपल्याला येतं, आता आपल्याला येत नाही हे याला कळलं. मग प्रश्न विचारत विचारत तो मुलाला कर्णापर्यंत आणतो. मूळ चौरसाच्या कर्णावर नवा चौरस काढला की तो बरोबर दुप्पट. मूळ चौरसात कर्णाने दोन त्रिकोण होतात, नव्या चौरसात तसेच चार त्रिकोण बसतात. मुलाला ते डोळ्यांनी दिसतं.

म्हणजे बौधायन आणि सॉक्रेटिस एकाच कर्णापाशी उभे आहेत. माहिती एकच. मग ग्रीकांनी वेगळं काय केलं?

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. बौधायनाचा ५७७ भागिले ४०८ हा अपूर्णांक घ्या. कर्णाच्या अपूर्णांकाच्या वरच्या आकड्याचा वर्ग हा खालच्या आकड्याच्या वर्गाच्या दुप्पट असायला हवा. ५७७चा वर्ग ३,३२,९२९. ४०८च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक किती? फक्त एक! सव्वातीन लाखांत एकाचा फरक. व्यवहारी माणूस म्हणेल, सोडा हो. तत्त्वज्ञ म्हणेल, थांबा. आणखी मोठे आकडे घेतले तर हा एकही जाईल का? कुठेतरी असा एखादा अपूर्णांक असेलच ना, जिथे हिशेब तंतोतंत जुळतो?

लाख अपूर्णांक तपासून हे कळणार नाही. एक लाख एकावा जुळला तर? इथे कसोटीचा दगड संपतो. इथे सिद्धताच लागते, आणि ती इतकी छोटी आहे की आपण आत्ता, खडू-फळ्याशिवाय करू शकतो. लक्ष द्या.

समजा असा अपूर्णांक आहे. त्याला संक्षिप्त करून घेऊ, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे सम आकडा राहणार नाही. दोन्ही सम असतील तर दोनाने भागून टाकू, एवढंच. आता वरच्याचा वर्ग खालच्याच्या वर्गाच्या दुप्पट आहे, म्हणजे वरच्याचा वर्ग सम. विषम गुणिले विषम हे विषमच येतं, म्हणून वरचा आकडा स्वतःही सम असला पाहिजे. वरचा सम असेल तर त्याच्या वर्गाला चारने भाग जातो. तो वर्ग खालच्याच्या वर्गाची दुप्पट आहे, म्हणून खालच्याच्या वर्गाला दोनाने भाग जातो. म्हणजे खालचाही सम! पण आपण तर आधीच ठरवलं होतं की दोन्ही सम नाहीत. आपलंच बोलणं आपल्यावर उलटलं. म्हणजे मुळात "समजा" म्हणून जे धरलं तेच चूक. असा अपूर्णांक नाही. कुणाला मिळाला नाही असं नव्हे, तो असूच शकत नाही.

या पाच-सात वाक्यांत आपण अगणित अपूर्णांक एकदम निकालात काढले. यंत्राने हजार वर्षं आकडेमोड केली तरी हे सांगता येणार नाही. बौधायनाचा तो एक कधीच शून्य होणार नाही, हे आता आपल्याला पक्कं माहीत आहे. आणि हे आमच्यावर विश्वास ठेवून नव्हे. घरी जाऊन तपासा.

युक्लिडने रचलेली इमारत

अशा सिद्धता हळूहळू साठत गेल्या. परंपरा सुरुवातीचं श्रेय देते ती मिलेटसच्या थेल्सला, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात. त्याच्या नावावर सांगितलेल्या गोष्टी ऐकून हसू येतं. व्यास वर्तुळाचे दोन समान भाग करतो. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात. अहो, हे तर दिसतंच आहे! पण जे दिसतंय त्यालाही "कशावरून?" विचारायचं, हीच तर नवी सवय.

या सवयीची इमारत बांधली युक्लिडने, इ.स.पू. ३००च्या सुमारास, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात. त्याच्या ग्रंथाचे तेरा भाग आहेत. सुरुवातीला व्याख्या, मग पाच गृहीतकं आणि काही सर्वमान्य विधानं. एवढ्या भांडवलावर शेकडो प्रमेयं उभी केली. प्रत्येक प्रमेय फक्त मागे सिद्ध झालेल्या गोष्टींवर उभं राहणार. बांधकामात जसा वरचा थर खालच्या थरावर बसतो, तसं. मूळ संख्या कधीच संपत नाहीत ही सुंदर सिद्धताही त्याच ग्रंथाच्या नवव्या भागात आहे.

हा ग्रंथ आपल्यापर्यंत कसा आला, हे ऐकण्यासारखं आहे. ग्रीकमधून तो नवव्या शतकात बगदादला अरबीत गेला. तेराव्या शतकात नासिरुद्दीन तुसी या इराणी पंडिताने त्याची अरबीत नवी आवृत्ती केली. त्या परंपरेतून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या दरबारी जगन्नाथ सम्राट यांनी तो संस्कृतात आणला, 'रेखागणित' या नावाने. हे 'रेखागणित' १९०१-०२ साली मुंबईत बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये छापलं गेलं. मराठीत तर त्याच्याही आधी, १८२०च्या दशकात, मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने गणिताची पाठ्यपुस्तकं तयार होऊ लागली होती.

आणि युक्लिड मराठीत आला तो कुठले कपडे घालून आला, बघा. आपल्या शाळेच्या पुस्तकात प्रमेयाखाली तीन शब्द असतात. पक्ष, साध्य, सिद्धता. यातले पक्ष आणि साध्य हे न्यायदर्शनाचे शब्द आहेत! डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे, या प्रसिद्ध अनुमानात डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू. 'प्रमेय' हा शब्दही तिथलाच. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण आपल्या नातवंडांच्या दप्तरात अलेक्झांड्रियाचा युक्लिड आणि न्यायदर्शनाचे प्रणेते गौतम एकाच पानावर बसलेले आहेत, हे ध्यानात यायला आम्हालाही बराच वेळ लागला.

दोघांत फरकही आहे. नैयायिक आपल्या अनुमानात उदाहरण मागतो. धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. युक्लिडला उदाहरण चालत नाही. काढलेली आकृती फक्त समजण्यापुरती, पुरावा म्हणून नाही.

याचा आम्हाला शाळेत चांगलाच प्रसाद मिळाला होता. आम्ही प्रमेयं तोंडपाठ करायचो. त्रिकोण एबीसी, एबी बरोबर एसी, घडाघड. एकदा परीक्षेत गुरुजींनी त्रिकोणाला पीक्यूआर नाव दिलं आणि आकृती जरा तिरकी काढली. निम्मा वर्ग गारद. त्यात आम्हीही होतो. आम्हाला प्रमेय येत नव्हतं, आम्हाला तीन अक्षरांची आरती येत होती. आजही घराघरात हेच चालतं. मुलं सिद्धता पाठ करतात. "कशावरून?"चं उत्तर पाठ करायचं म्हणजे प्रश्नच मारून टाकायचा, नाही का?

दुसरं उदाहरण पायचं. पाय म्हणजे बावीस सप्तमांश, असं आपण सगळे म्हणतो. आर्किमिडीजने असं कधीच म्हटलं नाही. त्याने वर्तुळाच्या आत आणि बाहेर शहाण्णव बाजूंच्या आकृत्या घेतल्या आणि सिद्ध केलं की पाय हा तीन पूर्णांक एक सप्तमांश याहून लहान आणि तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांश याहून मोठा आहे. त्याने चूक किती असू शकते याची हद्द आखून दिली. आपण त्यातली एक भिंत उचलली आणि तिलाच घर म्हणू लागलो.

गृहीतक उघड सांगण्याचा फायदा

आता सोन्याकडे परत येऊ. आर्किमिडीजची पाण्याची परीक्षा आजच्या सराफाला पुरेल का? नाही. कारण टंगस्टन नावाचा धातू आहे. त्याची घनता १९.२५, सोन्याची १९.३. दागिन्याच्या पोटात टंगस्टन भरलं तर पाणी काहीच सांगणार नाही. मग आर्किमिडीज चुकला का? तसंही नाही. पाण्याने वस्तू हलकी होते हे प्रमेय पक्कंच आहे. मुकुटाच्या हिशेबात मात्र आपण एक गोष्ट धरली होती की भेसळ चांदीची आहे. तेवढं धरलेलं बदललं की निष्कर्ष बदलतो. काय सिद्ध केलं आणि काय नुसतं धरलं, हे वेगवेगळं सांगण्याची शिस्त असली की चूक कुठे शोधायची ते कळतं.

गणिताच्या इतिहासात याचं सगळ्यात मोठं उदाहरण युक्लिडचं पाचवं गृहीतक. सोप्या भाषेत, एका रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा काढता येते. पहिली चार गृहीतकं सुटसुटीत, हे पाचवं लांबलचक. दोन हजार वर्षं ग्रीक, अरब, युरोपीय गणिती याला सिद्ध करू पाहत होते. जमलं नाही. एकोणिसाव्या शतकात, १८२९ साली रशियात लोबाचेव्हस्कीने आणि १८३२ साली हंगेरीत बोल्यायने वेगळीच वाट धरली. हे गृहीतक सोडूनच देऊ, बघू काय होतं! आणि एक नवी, तितकीच सुसंगत भूमिती उभी राहिली.

वेगळ्या भूमितीची कल्पना घरी करता येते. एक गोल कलिंगड घ्या. देठापासून मधल्या पट्ट्यापर्यंत दोन सरळ रेघा काढा, देठाशी काटकोन होईल अशा. मधल्या पट्ट्याशी आणखी दोन काटकोन होतात. त्रिकोणात तीन काटकोन, बेरीज २७० अंश! वहीत जे अशक्य ते कलिंगडावर घडतं. १८५४ साली रीमानने अशा वक्र अवकाशांचं सर्वसाधारण गणित मांडलं, आणि १९१५ साली आइन्स्टाइनने त्याच गणितात गुरुत्वाकर्षण सांगितलं. युक्लिडने ते पाचवं वाक्य पोटात लपवून ठेवलं असतं, "हे तर उघडच आहे" म्हणून पुढे गेला असता, तर प्रश्न विचारायला जागाच राहिली नसती.

अपोलोनियसचंही तसंच. त्याने इ.स.पू. २००च्या सुमारास शंकूचे छेद घेऊन मिळणाऱ्या वक्रांवर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा तेव्हा काय उपयोग होता? फारसा नाही. १६०९ साली केप्लरने जाहीर केलं की मंगळ सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो, आणि अपोलोनियसने अभ्यासलेला वक्र अठराशे वर्षांनी आकाशात सापडला. "याचा व्यवहारात उपयोग काय?" असं विचारणाऱ्या पालकांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

आपलं आणि त्यांचं

व्याख्यान संपलं की एक प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच घेतो. "सर, हे सगळं आपल्याकडे आधीच होतं ना?"

आपल्याकडे काय होतं ते अभिमानाने सांगू, पण नेमकं सांगू. शून्यासह दशमान अंकपद्धती इथली. ग्रीकांकडे ती नव्हती, आणि आर्किमिडीजला आकडेमोड करताना तिची उणीव नक्की भासली असेल. सिद्धताही इथे होत्या, त्यांना उपपत्ती म्हणत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, त्यात उपपत्ती दिल्या आहेत. केरळात सोळाव्या शतकात 'युक्तिभाषा' हा सिद्धतांनी भरलेला ग्रंथ मल्याळममध्ये लिहिला गेला. मोजक्या गृहीतकांपासून सुरुवात करून सगळं शास्त्र एका साखळीत ओवायचं, ही मांडणी मात्र ग्रीकांची. कर्णाची लांबी कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही, ही सिद्धताही त्यांची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आणि "आपल्याकडे आधीच होतं" या वाक्यालाही आपण "कशावरून?" विचारायला हवं. ग्रंथ कोणता, काळ कोणता, त्यात नेमकं काय म्हटलंय? हा प्रश्न आपल्या अभिमानाला विचारायची आपली तयारी नसेल, तर आपण ग्रीकांकडूनही काही शिकलो नाही आणि नैयायिकांकडूनही नाही.

ग्रीकांचीही आरती करायची नाही. 'मेनो'मधला तो मुलगा आठवा. त्याने कर्ण ओळखला. आणि मग? संवाद पुढे सरकतो, मोठी माणसं सद्गुणाबद्दल बोलत राहतात, मुलगा गुलामच राहतो. त्याचं नावसुद्धा प्लेटोने दिलेलं नाही. बुद्धी सगळ्यांना आहे हे सॉक्रेटिसने दाखवून दिलं. त्यातून पुढे काय करायला हवं, ते मात्र त्या समाजाने केलं नाही.

ते कुणी केलं, असं विचाराल तर फार लांब जायला नको. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. इथून जवळच, कराड तालुक्यातल्या काले गावी, १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. ज्यांच्या हाती पाटी येऊच नये अशी व्यवस्था होती, त्यांच्या हाती ती दिली. आमच्या पिढीतले या भागातले किती तरी जण त्यामुळेच शिकले. आम्हाला वाटतं, सॉक्रेटिसच्या त्या अर्धवट राहिलेल्या प्रयोगाचा पुढचा भाग या मातीत झाला. सिद्धतेला जात लागत नाही, घराणं लागत नाही, पदवी लागत नाही. लागते ती पायरी तपासण्याची तयारी. पण ती तयारी करण्याची संधी प्रत्येकाला मिळावी लागते, आणि ती कुणीतरी द्यावी लागते.

मंडळी, वेळ झाली. एकच काम सांगून थांबतो. आज घरी गेल्यावर घरातल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा. कागदावर एक चौरस काढा आणि विचारा, याच्या दुप्पट चौरस काढून दाखव. ते बाजू दुप्पट करेल. करू द्या. उत्तर सांगू नका, मोबाइलही देऊ नका. चौपट झालं हे त्याचं त्यालाच दिसू द्या. थोड्या वेळाने ते कर्णापाशी येईल. आणि "जमलं!" म्हणालं की लगेच शाबासकी देऊ नका. आधी विचारा, "कशावरून?"